व्हय म्हाराजा

नास्तिकांना उत्तरं देणारी पुस्तकं लिहिणं हा माझा उद्योग. ख्रिस्ती घरांतून ती आवडीने वाचली जातात. पण सगळ्यांत कसून वाचतो तो डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतला शेजारी सावंत, आणि तो पक्का नास्तिक. प्रत्येक नवं पुस्तक पेन्सिलीने खरडून आणतो आणि चहा होईपर्यंत माझी हजेरी घेतो. या भांडणाशिवाय आम्हा दोघांनाही करमत नाही.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, शालिनीच्या, हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. परळच्या इस्पितळात तिला आत नेताना ती म्हणाली, "मी बाहेर येईपर्यंत प्रार्थना करत राहा." मी मान डोलावली आणि बाकावर हात जोडून बसलो. शब्दच येईनात. देव आहे हे पटवायला माझ्याकडे मुद्दे ढीगभर होते, पण त्याच्याशी बोलायला एक वाक्य सुचत नव्हतं. प्रभू ऐकतोय का, ही शंका चक्क मलाच आली आणि मी फार घाबरलो.

तेवढ्यात सावंत येऊन शेजारी बसला. प्रार्थना जमत नाही, असं मी त्याला सांगून टाकलं. आता हा टोमणा मारणार, असं वाटलं. पण तो चपला काढून उभा राहिला आणि कोकणातल्या गावच्या देवळात त्याचे वडील देवापुढे घालायचे तसं त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्येची बायल आत झोपली हा. ह्येचा तोंड आज बंद पडला हा, म्हणान मी सांगतंय. तिका सुखरूप भायर हाड रे म्हाराजा."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आता तू 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही रे."

म्हणजे आमचं आमेनच की! मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि मला रडू फुटलं. मन शांत झालं ते तिथेच, डॉक्टर बाहेर येण्याच्या आधी.

शुद्धीवर आल्यावर शालिनीने पहिलं हेच विचारलं, प्रार्थना केलीत ना?

"सावंतने केली," मी म्हणालो. "मी नुसतं आमेन म्हटलं."

शालिनी आता छान हिंडतेफिरते. सावंत अजून नास्तिकच आहे. आपण मित्राचं काम केलं, देवाचा त्यात संबंध नाही, असं तो ठणकावून सांगतो. एरवी मी यावर एक प्रकरण लिहिलं असतं. आता त्याला चहा देतो आणि गप्प बसतो. माझी प्रार्थना कुणाच्या तोंडून ऐकायची हे प्रभूने ठरवावं. मी आपलं व्हय म्हाराजा म्हणावं.