धावड्याच्या अर्काचं कडं

तुमसरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सेवकराम वीस वर्षं झाडपाल्याचे अर्क काढत आला होता. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, अल्कोहोलात तीन दिवस भिजवायचा, गाळायचा, आटवायचा. बशीच्या तळाशी काकवीसारखं जे उरायचं, ते तो अशा कौतुकानं निरखायचा की जणू भरल्या मांडवात नाटकाचा पडदा वर चाललाय!

पण या श्रावणात धावड्याच्या झाडानं दगा दिला. मोहाडीची नीतू धावड्याच्या पानांवर पीएच.डी. करत होती. जंतू वाढवलेल्या बशीत हिवाळ्यातल्या अर्काभोवती ते मरून स्वच्छ गोल कडं उमटलं होतं. आता दोनदा अर्क काढला, दोनदा काही नाही.

"सेवकरामकाकांचा हात चुकला असेल," तिचे गाईड असलेले सर म्हणाले. "सोमवारपर्यंत कडं दिसलं नाही, तर झाड बदला."

म्हणजे नीतूच्या दोन वर्षांवर बोळा. सेवकरामला राग येण्यापेक्षा कोडंच पडलं. हात तोच, भांडी तीच. मग बदललं काय? रविवारी सकाळीच तो आंबागडला पोचला. किल्ल्याखालच्या जंगलातून पाला तोडून पाठवायची ती तिथली शकुनबाई.

"पाला तोच हाय ना, बाई?"

"तोच. उलट औंदा साजरा उसनून देल्ला."

"उसनून? कायले?"

"पावसात वाळते कुठं, भाऊ? बुरा लागला असता. धान उसनतो तसा उकळत्या पाण्यातून काढला, मंग वाळवला. शिकल्यासवरल्या मॅडमले बुरा लागलेला पाला देऊ का?"

"अन् ते पाणी?"

"कालचं हाय ना चुलीपाशी त्या मोठ्या गंजात, झाकून ठेवलेलं. रोवण्याच्या बायाइच्या पायाले चिखल्या पडल्या. त्यात पाय बुडवून बसतेत, लवकर सुकते म्हणतेत."

सेवकराम कपाळावर हात मारून हसत सुटला. "आमी तिकडं चोथा आटवून राहिलो, अन् औषध तुमच्या पायाले!"

"मंग घेऊन जा बाटलीभर. यात अजून कोणी पाय नाही टाकला."

नव्या पाल्याला तीन दिवस लागले असते. पाणी तयारच होतं. त्याच संध्याकाळी नीतूनं ते गाळून जंतूंच्या बशीत थेंब ठेवले.

सोमवारी झाकण उघडलं. कोऱ्या काचेसारखं कडं! सर वाकून पाहतच राहिले.

"हा अर्क कुणी काढला?"

"आंबागडच्या शकुनबाईनं. चुलीवर."

सरांनी झाकण परत ठेवलं. मग म्हणाले, "नीतू, झाड राहू दे. आणि काका, त्या बाई पाला किती वेळ उकळतात हो?"

"ते नाही विचारलं, सर."

"मग चला. मीच विचारतो."