नरवाडे सरांचं हिमयुग

नरवाडे सरांना कोणतीही अडचण सांगितली की ते आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि वीस हजार वर्षं मागे जायचे. हातपंप आटला, शौचालयाचं दार निखळलं, पोषण आहाराचा तांदूळ आला नाही, अडचण कोणती याने फरक पडत नसे. "म्याडम, हे काहीच न्हाई. हिमयुगात अर्ध्या युरोपावर मैलमैल जाडीचा बर्फ व्हता. तवा कुणी अर्ज केला व्हता का?" मी लातूरहून बिलोली तालुक्यातल्या या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांना पहिल्या दिवशी खडूचा डबा कुठे असतो एवढंच विचारलं होतं. खडू हा मुळात समुद्राच्या तळाचा गाळ असतो, हे कळेपर्यंत मधली सुट्टी झाली. डबा शेवटी शिपायाने आणून दिला.

भूगोल ते उत्तम शिकवत, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. हिवाळ्यात ते वर्ग मैदानात न्यायचे. एका पोराला स्टुलावर उभं करून सूर्य करायचे आणि आठवी ब मधल्या वैष्णवीला पृथ्वी. वैष्णवी ही त्यांची कायमची पृथ्वी होती, कारण कमरेत किंचित कलून, स्वतःभोवती फिरत सूर्याची फेरी न अडखळता पुरी करणारी दुसरी मुलगी वर्गात नव्हती. "भवरा पडायच्या आधी कसा डुलतो? तशी डुलती ही. एक डूल घ्यायला हजारो वर्षं. ऊन थोडं इकडंतिकडं झालं की उत्तरेकडचा बर्फ उन्हाळ्यात वितळत न्हाई. साठत जातो. बर्फ ऊन परतवतो, म्हणून आनखी गार. पैशाकडं पैसा जातो तसा बर्फाकडं बर्फ." मग कुणीतरी विचारायचंच, की सर, आपल्या बिलोलीत किती बर्फ होता? "बिलोलीत कशाचा बर्फ? आपल्याकडं पाऊस कमी झाला, बस. तवाबी आपल्या वाट्याला दुष्काळच."

त्यांच्या कपाटात हत्तीचा एक दगड झालेला दात होता. मांजरेच्या काठी वाळू उपसताना कुणाला तरी सापडलेला, पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याएवढा. हा दात ते बैठकीला घेऊन येत आणि बोलणं संपलं की न्यायाधीशाच्या हातोड्यासारखा टेबलावर ठेवत. त्यानंतर कुणी बोलायचं नाही असा शाळेतला अलिखित नियम होता. मी येईपर्यंत तो पाळला गेला.

आता दुसरी बाजू. हजारो वर्षांचा हिशोब तोंडपाठ असलेल्या या माणसाला पहिला तास कधी सापडला नाही. सर नांदेडहून अपडाऊन करत. गाडी उशिरा आली की तेही उशिरा, आणि गाडी वेळेवर आली तरी फाट्यावरच्या चहामुळे उशिराच. मी घड्याळ दाखवलं की म्हणायचे, "पृथ्वीच्या वयात अर्धा तास म्हंजे काय, म्याडम?" मी म्हणायचे, "पृथ्वीला पगार नाही, सर." यावर ते मनापासून हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच उशिरा येत. अशा माणसावर रागावण्यात वेळ जातो, म्हणून मी त्यांचे तास दुपारकडे सरकवले आणि पुढच्या कामाला लागले.

आमच्या शाळेचे जुने वर्ग दगडी, वर स्लॅब. आठवी ब मात्र नंतर वाढवलेली, वर नुसते पत्रे. मार्च सरायला लागला की दुपारी त्या खोलीत बसणं म्हणजे तव्यावर झाकण घालून बसणं. संस्थेकडे मी पत्र्याखाली छत मागितलं. संस्थेने प्रवेशद्वाराची कमान बांधली. गेली काही वर्षं ऊन लवकर येतं आणि उशिरापर्यंत राहतं, हे आमच्या भागात सांगायला भूगोलाचा शिक्षक लागत नाही.

एके दिवशी वैष्णवीची आई आली. शेतातून थेट आलेली, उभीच राहिली. "म्याडम, पोरगी तुमच्या पत्र्याखाली करपून राहिली. दोनदा चक्कर आली तिला. सकाळची शाळा करा, मी पाठवते. न्हाईतर माझी बहीण कवाची मागून राहिली तिला, लेकरू सांभाळायला."

"लेकरू सांभाळायला एकदा गेली की परत येते का हो?"

"ते तुमी बघा ना. मला तर पोरगी जिती पाहिजे."

मी तिच्याकडून चार दिवस मागून घेतले. सकाळच्या शाळेला संस्थेची एकच अट होती, सगळे शिक्षक राजी असले पाहिजेत. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बैठक घेतली आणि वैष्णवीच्या आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

नरवाडे सरांनी चष्मा पुसला. "ऊन काय आज पडून राहिलं का, म्याडम? पृथ्वी तापते, गार होते, पुन्हा तापते. आत्ता दोन हिमयुगांच्या मधला उबदार काळ हाय. तिला सवय हाय."

"पृथ्वीला असेल. आठवी ब ला नाही."

त्यांनी दात टेबलावर ठेवला. "हा बघा. ह्याच्या डोळ्यांदेखत केवढं हवामान बदललं. पाऊस गेला, गवत गेलं. ह्यानं काय केलं? सहन केलं."

"मेला तो, सर. म्हणून त्याचा दात तुमच्या कपाटात आहे."

गणिताचे सर हसले आणि आपणही अपडाऊनवालेच आहोत हे आठवून गप्प झाले. मी विचारलं, "हिमयुग संपल्यावर पृथ्वी तापायला किती वर्षं लागली? तुम्हीच शिकवता."

"हजारो."

"आणि आत्ताचं तापणं?"

"आत्ताचं जरा घाईत चाललंय," ते म्हणाले. "माणसाच्या धुरानं. ते मान्य हाय."

"मग आपणही थोडी घाई करू. सोमवारपासून सकाळची शाळा."

तेव्हा कुठे खरं कारण बाहेर आलं. "पहिली गाडी पहाटं पाचला सुटती, म्याडम." साऱ्या अपडाऊनवाल्यांच्या माना एकदम हलल्या. बर्फ, भोवरा, हत्ती, एवढा सगळा लवाजमा वीस हजार वर्षांवरून निघाला होता आणि येऊन थांबला कुठे, तर नांदेडच्या बसस्टँडवर. सरांना चारला उठायचं नव्हतं. बैठक निर्णयाविना संपली.

वेळापत्रक मात्र माझ्या हातात होतं. ज्येष्ठ म्हणून सरांना कायम उत्तरेकडची गार खोली मिळे. मी दुसऱ्या दिवसापासून त्यांचे दुपारचे सगळे तास आठवी ब मध्ये लावले. पहिल्या दिवशी ते ऐटीत गेले. "झकास. पोरांना उष्ण कटिबंध प्रत्यक्ष दाखवतो." नंतर डोक्यावर ओला रुमाल आला. मग फळ्यावर लिहिणं बंद झालं आणि ते दारात उभं राहून शिकवू लागले, एक पाय आत, एक बाहेर. पण माघार नाही. मी खिडकीतून पाहायची आणि मनात म्हणायची, हट्टाच्या बाबतीत हा माणूस खरोखरच हिमनदी आहे. दरम्यान वैष्णवी यायची बंद झाली. चार दिवस उलटले होते. तिच्या गावच्या मुलींबरोबर मी निरोप पाठवत होते, थांबा, होतंय.

शेवटी एका दुपारी ते घामाने निथळत माझ्या खोलीत आले, खुर्चीत बसले आणि नवा शोध लागल्यासारखे बोलू लागले. "म्याडम, हिमयुगात मानूस टिकला कसा? हालला म्हणून. थंडी आली, गुहेत गेला. नदी आटली, दुसऱ्या नदीला गेला. हटून बसला तो गेला. तवा आपन वेळ हालवू."

हे मीच त्यांना सांगत होते, असं मी म्हटलं नाही. सही घेतली. नरवाडे सर चारला उठणार म्हटल्यावर बाकीच्यांना सबब उरली नाही. सोमवारी शाळा सकाळी भरली आणि सर पहिल्या गाडीने, वेळेवर आले. माझ्या नोकरीत हे एकदाच घडेल असं वाटलं होतं, पण पुढे सरांच्या निवृत्तीपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात घडलं.

त्या सोमवारी ते आठवी ब मधून थेट माझ्याकडे आले. "वैष्णवी कुठं हाय?"

"निरोप पाठवलाय. येईल."

"निरोपानं येत असती तर आली असती," ते म्हणाले. शाळा सुटल्यावर त्यांनी नांदेडची गाडी सोडून दिली. वैष्णवी ज्या गावाहून येई तिकडे अर्ध्या वाटेपर्यंत ऑटो जातो, पुढे चालावं लागतं. डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात पाण्याची बाटली घेऊन ते भर उन्हात निघाले. कुणाला सोबत घेतलं नाही.

परत आले तेव्हा दुपार कलली होती. मी परीक्षेच्या तयारीचं काम करत बसले होते. ते समोर बसले. मी पाणी पुढे केलं.

"भेटली?"

"न्हाई. मावशीकडं धाडली. शिरूर अनंतपाळला."

"सकाळची शाळा झाली, सांगितलं का?"

"सांगितलं की. आई म्हनली, सर, आता कशाला? तिकडं लेकराला लळा लागला तिचा. मावशी सोडत न्हाई." त्यांनी ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "परीक्षेपुरती तरी पाठवा म्हनलो. हात जोडले. ती माउली मलाच म्हनली, सर, तुमी उन्हात कशाला आलाव, बसा."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. हे काहीच न्हाई, म्याडम, असं काहीतरी. ते आलं नाही.

"धा दिवस झाले म्हनं जाऊन," नरवाडे सर म्हणाले. "धाच दिवस, म्याडम."