शुक्रवारचं बसणं

दवाखान्यातल्या त्या दुपारी अक्का अर्धवट झोपेत होत्या. खिडकीतलं ऊन पांघरुणावरून हळूहळू सरकत होतं आणि मला वाटलं, आता काही जाग यायची नाही. पण त्यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "शुक्रवारी बसलात का?" मी म्हणालो, "तुम्ही या, मग बसू." त्या हसल्या. "म्हंजे न्हाई," म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले... तीच आमची शेवटची भेट.

अक्का आमच्या महापालिकेत पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर. माहेर उदगीरचं, वडिलांचं किराणा दुकान. धाकटा भाऊ अक्का म्हणायचा, म्हणून इकडे नांदेडला आमचं सगळं कार्यालयच त्यांना अक्का म्हणू लागलं. मी हिशेबाच्या टेबलावरचा. कचेरीत 'बघू' म्हणजे काय, हे खिडकीशी ताटकळलेल्या कुणालाही विचारा. साहेब 'बघू' म्हणाले की माणसानं मुकाट घरी जावं. अक्का म्हणायच्या, "शब्द तोच ठिवा, फकस्त आधी 'करून' लावा." गच्चीलगत जुन्या दिव्यांच्या अडगळीची खोली होती. ती त्यांनी मागून घेतली, आणि दर शुक्रवारी जेवणानंतर निरनिराळ्या विभागांतली आम्ही पाच-सात माणसं तिथे बसू लागलो. कल्पना कुणाचीही असो, आधी एका गल्लीत करून बघायची. फसली, तर का फसली ते त्याच गल्लीतल्या लोकांना बसवून ऐकायचं. पंखा घरघरत असायचा, गच्चीवरच्या हौदातलं ऊन खोलीच्या छतावर हलत असायचं, आणि त्या गुंगीत जन्म-मृत्यू नोंदणीचे मोमीनभाई दर वेळी चिमटा काढायचे, "अक्का, वर लई नवं नवं चाललंय. खाली माझी खिडकी तीच हाय."

पहिलाच प्रयोग असा फसला की विचारू नका. नळाला पाणी कधी येणार ते आदल्या दिवशी कळावं, म्हणून कचऱ्याच्या घंटागाडीवरून सांगायचं ठरलं. सकाळी भोंग्यातून "पाणी" ऐकलं आणि अख्खी गल्ली घागरी-कळश्या घेऊन गाडीमागे लागली. लोकांना वाटलं, टँकर आला. घाबरून चालकानं गाडीच पळवली. आमचं व्हायचं तेवढं हसं झालं. दुसऱ्या कुणी प्रकरण गुंडाळलं असतं, अक्कांनी त्याच बायकांना खोलीत चहाला बोलावलं. एक काकू फणकारल्या, "गाडी पानी पानी वरडून राहिली, मंग गाडीत पानीच असनार की." अक्कांनी शांतपणे विचारलं, "मग कसं सांगावं?" काकू म्हणाल्या, "आधी 'उद्या' म्हना, मग पानी म्हना." एवढंच. पुढच्या आठवड्यापासून त्या गल्लीत एकही घागर गाडीमागे धावली नाही, आणि अक्का आठवडाभर स्वतःशीच हसत होत्या.

त्या आजारी पडल्या आणि शुक्रवार बंद पडले. खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन पडू लागल्या. अक्कांनी एवढं उभं केलेलं त्यांच्यासोबतच जाणार, या विचारानं जीव तुटायचा, पण माझे पाय वर वळायचे नाहीत... अक्का नांदेडच्याच दवाखान्यात गेल्या. उदगीरला नेऊन, त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. सगळे रडत होते, आणि मला स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं की अक्का बसल्यात, आता कुणीतरी बोलायला सुरुवात करावी.

गेल्या आठवड्यात त्यांचा भाऊ मृत्यूचा दाखला न्यायला आला. सोबत मी होतो. दाखला अजून व्हायचा होता, पुन्हा यावं लागणार होतं. तो अवघडून मोमीनभाईंना म्हणाला, "घरी आई एकटीच असती वो. तिकडं उदगीरलाच पाठवता ईल का?"

मोमीनभाई सवयीनं म्हणाले, "बघू."

आणि थबकले. चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "करून बघू." माझ्याकडे वळले. "आज वार कोन्ता?"

शुक्रवार होता. आम्ही वर गेलो, मोडक्या खुर्च्या गच्चीवर काढल्या. पंखा लावला. एकेक करून बाकीचेही जिना चढून आले. खिडकीजवळच्या अक्कांच्या खुर्चीत कुणी बसेना. शेवटी मोमीनभाईंनी हाताला धरून अक्कांच्या भावालाच तिथे बसवलं आणि समोर स्वतः बसले.

"हां, सांगा," ते म्हणाले, "माझ्या खिडकीशी काय काय अडचन आली?"

छतावर हौदातलं ऊन हलत होतं.