चार स्क्रूंखालचा रंग

मिस्त्रीला जगातली निम्मी माणसं मूर्ख वाटत. उरलेली निम्मी त्याला अजून भेटायची होती, इतकंच. होड्यांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये तो पंचेचाळीस वर्षं इंजिनं खोलत आणि जोडत आला होता आणि तेवढीच वर्षं लोकांना नावं ठेवत आला होता. सुतार त्याच्या लेखी 'भुसा' होता, वेल्डर 'ठिणगी', आणि शेडचा मालक 'कुलूप', कारण तो सकाळपासून दारात नुसता लटकलेला असे. ही नावं चिकटत. मिस्त्रीनं ठेवलेलं नाव आणि इंजिनाचं काळं तेल साबणाला दाद देत नाहीत, असं शेडमधले म्हणत.

बरं, हा माणूस कामात कच्चा असता तर कोणी त्याचं ऐकून घेतलं नसतं. पण बंद दाराआडून इंजिनाचा आवाज ऐकून 'नोझल गेलंय' असं तो सांगे आणि नोझल गेलेलंच असे. त्यामुळे त्याची मिजास सगळ्यांनी मुकाट्यानं सोसली. माणूस दहा वेळा बरोबर निघाला की अकराव्या वेळी त्याला तपासायची कोणाची छाती होत नाही. त्याची स्वतःची तर मुळीच होत नाही.

त्या वर्षी शेडमध्ये एक जुनी लाँच आली. पूर्वी ती या काठावरची माणसं त्या काठावर नेत असे आणि मिस्त्रीचा बाप सव्वीस वर्षं तिचा ड्रायव्हर होता. बाप गेल्यावर लाँच दोन-तीन हातांतून फिरली, मग कुठेतरी चिखलात कुजत पडली. आता एका वकिलानं ती विकत घेतली होती. वकिलाला होडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जुनी वस्तू जुनी होती तशीच दिसली पाहिजे, हे खूळ त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सुतारानं लाकूड नवं केलं. मिस्त्रीनं एका सिलिंडरचं ते अवजड इंजिन सुटं केलं, जुना पोपडे धरलेला रंग खरवडून काढला, पुन्हा जोडलं आणि पहिल्याच फटक्यात सुरू करून दाखवलं. राहिला होता तो इंजिनाचा रंग.

वकील एक भलंमोठं रंगांचं कार्ड घेऊन आला. त्यावर एकशे वीस चौकोन होते आणि प्रत्येकाला एकेक नाव, 'सागरस्वप्न' काय, 'पहाटधुकं' काय. सोबत त्याची बायको होती. लाँचमधल्या गाद्यांच्या खोळी राखाडी घेतल्या होत्या, तेव्हा इंजिन त्याला शोभेलसं असावं, असं तिचं म्हणणं.

"बाई, इंजिन दिवाणखान्यात ठेवणार आहात का?" मिस्त्रीनं विचारलं.

वकिलानं घसा साफ केला. "मूळ रंग कुठला होता, ते तुम्ही सांगा. तोच देऊ."

"हिरवा. पोपटी नाही आणि तुमच्या कार्डावरचा तर नाहीच नाही. जुन्या बाटलीचं बूड असतं ना, तसा."

"पुरावा काय?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब? माझ्या बापाचं इंजिन आहे हे. मी त्याच्यावर पाय शेकून मोठा झालोय."

वकिलाला हे पटलं नाही. साक्षीदार आरोपीचा मुलगा असला तर कोर्टात त्याचं काय होतं, हे त्याला रोजचं ठाऊक. तो कार्ड घेऊन रंगाच्या दुकानात गेला. तिथे दुकानदारानं नवं यंत्र आणलं होतं. रंगाचा टवका त्याच्यापुढे धरला की ते हुबेहूब तसा रंग बनवून देई. दुकानदार म्हणाला, 'उन्हातला, उष्णतेतला टवका उपयोगाचा नाही. इंजिनावर कंपनीची पितळी प्लेट असेल. तिच्याखाली कारखान्यातला रंग जसाच्या तसा असतो. तो खरवडून आणा.' वकिलानं मिस्त्रीला निरोप धाडला की उद्या सकाळपर्यंत टवका द्या, नाहीतर बायको म्हणते तो राखाडी ठरला.

मिस्त्रीचा तिळपापड झाला. एक तर रंगाच्या बाबतीत त्याला यंत्र शिकवणार होतं. आणि दुसरं म्हणजे त्या प्लेटला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. बाप म्हणायचा, इंजिनाचं सगळं खोलावं, नावाची प्लेट खोलू नये. का, ते बापानं सांगितलं नाही आणि मिस्त्रीनं विचारलं नाही. यावेळीही रंग खरवडताना त्यानं प्लेटच्या कडेनं पट्टी चिकटवली होती.

पण त्या प्लेटचं नाव यापूर्वीही एकदा निघालं होतं आणि ते तो विसरला नव्हता.

चौतीस वर्षांपूर्वी, बाप गेला त्याच वर्षी, हे इंजिन रंगवायला काढलं होतं. मिस्त्रीचा धाकटा भाऊ रंगारी. तेव्हा त्याचा हात नुकता बसला होता. होड्यांची नावं, पट्टे, इंजिनं, सगळं तोच रंगवत असे आणि लोक लांबून होड्या घेऊन त्याच्याकडे येत. मिस्त्री हिरव्या रंगाचा डबा घेऊन बाजारातून परतला, तर धाकट्यानं इंजिन निळं करून ठेवलेलं! फिकट, राखाडीकडे झुकणारं निळं. सगळी शेड गोळा झाली होती.

"आंधळा आहेस का रे?" मिस्त्री गरजला. "बापाच्या इंजिनाचा रंग दिसत नाही तुला?"

"दादा, प्लेटखाली बघ," धाकटा म्हणाला.

"तू मला शिकवणार? आंधळ्यानं मला रस्ता दाखवायचा?"

लोक हसले. मिस्त्रीनं त्याच दिवशी निळा रंग उतरवला आणि स्वतः हिरवा फासला. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण नाव चिकटलं. 'आंधळा रंगारी'. आता मला सांगा, ज्याला सगळे आंधळा म्हणतात त्याला आपली होडी रंगवायला कोण देईल? वर्षभरात धाकट्याकडे होड्या यायच्या थांबल्या. तो भिंती रंगवू लागला. मग भिंतींमध्येही जिने, गोदामं, संडास, जिथे रंगाकडे कोणी वळून बघत नाही असली कामं. त्याच्या मुलीला शाळेत 'आंधळ्याची' म्हणून हाक मारत. एकदा ती रडत घरी आली, तेव्हा मिस्त्री खालच्या ओट्यावर पेपर वाचत बसला होता. त्यानं पान उलटलं.

हो, दोघे एकाच घरात राहत. थोरला खाली, धाकटा वर. मधे अकरा पायऱ्या. दोघांच्या बायका दिवसातून चारदा वरखाली करत, वाट्या नेत, औषधं आणत. भाऊ मात्र एकमेकांशी बोलत नसत. "अहो, जिन्याला पायऱ्या आहेत, दात नाहीत," असं मिस्त्रीची बायको अधूनमधून म्हणे. मिस्त्री ऐकत नसे. पालथ्या घड्यावर पाणी.

तर टवका द्यायचा होता. हट्टापुढे बापाची शिकवणही मागे पडली. हिरवा टवका दुकानदाराच्या तोंडावर फेकायचा, वकिलाच्या बायकोकडे बघून मिशीत हसायचं, हे त्यानं मनात ठरवून टाकलं होतं. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तो इंजिनापुढे बसला आणि प्लेटचे स्क्रू सोडवू लागला. चारच होते. गंजलेले असतील, तेल सोडावं लागेल, असं त्याला वाटलं होतं. पण ते सहज फिरले. कोणीतरी पूर्वी ते ग्रीस लावून बसवले होते.

प्लेट निघाली आणि खाली निळा रंग होता.

फिकट, राखाडीकडे झुकणारा निळा. मिस्त्रीनं चष्मा पुसला. उठून दिवा लावला. रॉकेलचा बोळा फिरवला. निळाच.

मग त्याला बापाची ती सवय आठवली. हंगाम सुरू व्हायच्या आधी बाप गंज धरू नये म्हणून अख्ख्या इंजिनाला जवसाचं तेल पुसे. प्रत्येक वर्षी एक हात. तेल तापायचं, पिवळं पडायचं, त्यावर धूर बसायचा, पुन्हा तेल. निळ्यावर पिवळ्याचे सव्वीस थर. पोरांना कळायला लागलं तोवर इंजिन हिरवं झालेलं होतं. म्हणजे ज्या रंगासाठी मिस्त्रीनं सगळ्या जगाला मूर्ख ठरवलं तो रंग नव्हताच मुळी. तो मळ होता.

त्यानं पत्र्याची खरवडणी उचलली. दोन मिनिटांचं काम. चौकोन घासून टाकायचा, प्लेट बसवायची, 'खाली काही उरलेलं नाही' असं वकिलाला सांगायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण कळसा कोणाला दिसायचं कारण नव्हतं. खरवडणी टेकवण्याआधी त्यानं सवयीनं अंगठ्याचं नख रंगावरून फिरवलं, आणि कोपऱ्यात ते अडलं.

डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. नखाला मात्र एक कड लागत होती, नाण्याएवढी गोल. मिस्त्रीला ते काय आहे हे ताबडतोब कळलं. जुन्या रंगाला नवा जुळवताना चांगला रंगारी नव्याचा एक ठिपका जुन्यावर लावतो आणि वाळू देतो. वाळल्यावर ठिपका दिसला तर रंग चुकला. नाहीसा झाला तर जुळला. हा ठिपका चौतीस वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता आणि अजून नाहीसाच होता. मिस्त्रीनं बोळा फिरवून, तिरपा दिवा धरून, डोळे बारीक करून पाहिलं. ठिपका सापडला नाही. आंधळ्यानं लावलेला.

मिस्त्रीला माणसांची किंमत नव्हती, पण कामाची होती. असलं काम खरवडायला त्याचा हात उचलेना. तो तिथेच जमिनीवर बसून राहिला. आपण एक नंबरचे गाढव आहोत, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि एवढी साधी गोष्ट कळायला चार स्क्रू पुरले असते.

त्यानं प्लेट फडक्यात गुंडाळली, घरी आला आणि अकरा पायऱ्या चढला. धाकटा पुट्टीची पट्टी घासत बसला होता. कोपरापर्यंत हात पांढरे. त्याच्या बायकोनं दारात थोरल्या दिराला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"या भावजी. पाणी देऊ? की तेसुद्धा तुम्हाला चुकीच्या रंगाचं दिसेल?"

मिस्त्रीनं प्लेट पुढे केली. "निळा आहे."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला.

"तेव्हा बोलायचं नाहीस का?"

"बोललो होतो."

"परत सांगायचंस! दहादा सांगायचंस!"

धाकट्यानं पट्टी खाली ठेवली. "कोणाला?"

मिस्त्रीनं प्लेट फडक्यात गुंडाळली आणि पुन्हा सोडली. 'चुकलं' हा शब्द त्यानं कधी वापरलेला नव्हता, तो ऐनवेळी कुठून सापडणार? शेवटी तो म्हणाला, "वकिलाला उद्या रंग हवाय. यंत्राला जमणार नाही. तू चल."

विनवणीसुद्धा त्यानं हुकूम दिल्यासारखी केली. धाकट्यानं प्लेट उलटीसुलटी करून पाहिली. मग त्यानं हात धुतले. कोणासाठी आला ते त्यानं सांगितलं नाही. माझ्या मते इंजिनासाठी आला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यानं पांढरा, निळा आणि काडीच्या टोकावर येईल एवढा काळा घेतला. ढवळलं, ठिपका लावला, वाळू दिला. दिसला. पुसला. थेंबभर काळा आणखी. चौथा ठिपका वाळला आणि गेला. मिस्त्री शेजारी संध्याकाळपर्यंत गप्प उभा होता. शेडमधले एकमेकांना कोपरानं ढोसत होते, कारण असं कधी घडलं नव्हतं.

इंजिन रंगवून झालं तेव्हा वकील बायकोला घेऊन आला. निळ्यावर पितळ झळकत होतं. बाई म्हणाली, खोळींना छान जातोय, आणि मिस्त्रीनं तेही ऐकून घेतलं. तो प्लेट बसवत होता. तीन स्क्रू झाले होते.

वकिलानं खिशातून वही काढली. "लाँचवर एक पाटी लावणार आहे. कोणी काय केलं ते. रंगाऱ्याचं नाव काय लिहू?"

"आंधळा!" वेल्डर आणि सुतार एकदम म्हणाले. त्यात वाईट हेतू नव्हता. दोघांनाही त्याचं दुसरं नाव माहीतच नव्हतं.

"तोंड सांभाळा!" मिस्त्री ओरडला. "पुन्हा तो शब्द काढाल तर बघा!"

वेल्डर गोंधळला. "अहो मिस्त्री, पण तुम्हीच तर..."

वकील बिचारा वही धरून एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. मिस्त्रीनं भावाकडे पाहिलं. धाकटा ब्रश रॉकेलमध्ये घोळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"त्यांना कशाला रागावतोस, दादा?" तो म्हणाला. "लिहू दे. चौतीस वर्षं ह्याच हाकेला ओ देतोय मी."