शिकारी कुत्र्याचा पाचवा पाय

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत कोणी "तुम्ही चित्रांचे एक्स-रे काढायचात ना?" म्हणालं, की मी विषय बदलायचो. आता पंचाहत्तरी उलटली आहे. त्या प्रकरणात चूक कोणाची होती, ते लिहून ठेवतो.

स्क्रीनवर कुत्र्याला पाच पाय दिसत होते.

मी आयुष्यभर वेल्डिंगचे एक्स-रे तपासले. गाडीच्या भागांचे जोड आतून पक्के आहेत का, ते पाहायचं. रिटायर झाल्यावर शहराजवळच्या एका खासगी संग्रहाने मला मशीन घेऊन बोलावलं. चित्र बरोक काळातलं, म्हणजे तीनेकशे वर्षं जुनं, रानडुकराच्या शिकारीचं. कोपऱ्यात सापडलेलं डुक्कर, मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, तिरका भाला, अंगावर झेपावणारे कुत्रे. नजर कुठे ठरतच नव्हती. फ्राऊ लिंडनर नावाच्या रेस्टोरर ते दुरुस्त करत होत्या. दार लावून.

संग्रहाचे प्रमुख हेर ब्रांट मला बाजूला घेऊन म्हणाले, "दार कशाला लावावं लागतं, हेर जोशी?"

"धूळ येऊ नये म्हणून, असं म्हणतात."

"म्हणतात! त्या पांढऱ्या कुत्र्याचा पुढचा पाय मला नवा वाटतोय. आतून बघा."

पांढऱ्या रंगात शिसं असतं, म्हणून तो एक्स-रेत उठून दिसतो. चित्रात कुत्र्याचा पाय हवेत होता. एक्स-रेत त्याखाली तोच पाय जमिनीवर टेकलेलाही दिसला. वेल्डिंगमध्ये एका जागी असे दोन थर आले की आम्ही एकच समजायचो. कोणीतरी चूक झाकली आहे.

मी लिंडनरबाईंना विचारलं. त्या चिडल्या नाहीत.

"चित्रकारानेच बदललाय. हा पाय जमिनीवर ठेवून बघा मनातल्या मनात. घोडा, भाला, सगळंच थांबतं की नाही?"

इतकं तयार उत्तर? माझा संशय पक्का झाला.

घरी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला सगळीकडे वेल्डिंगच दिसतं. उद्या माझ्या पोळीत जोड शोधाल."

मी रिपोर्ट दिला: हवेतला पाय अलीकडच्या दुरुस्तीतला आहे. त्याच आठवड्यात लिंडनरबाईंचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं गेलं. त्या कोलोनला परतल्या. रेस्टोररवर असा ठपका आला की जुन्या चित्राला हात लावायला पुन्हा कोणी देत नाही.

दोन आठवड्यांनी फाइल आवरताना मी तो एक्स-रे मोठा करून पाहिला. जुन्या रंगाला केसासारख्या भेगा पडतात. नव्या रंगाखाली त्या बुजतात. इथे त्या कुत्र्याच्या छातीपासून हवेतल्या पायात सरळ उतरल्या होत्या. कुठेही तुटल्या नव्हत्या. पाय चित्राइतकाच जुना होता.

मी ब्रांट यांना फोन लावला.

"आल्झो, बोला, हेर जोशी! तुमच्यामुळे वाचलो. अजून चार चित्रं आहेत, कधी येताय?"

"सोमवारी येतो," मी म्हणालो. एक्स-रे फाइलीत परत ठेवला.

मशीनने खोटं दाखवलं नव्हतं. पण रिपोर्ट मशीन लिहीत नाही.

पुढे ब्रांट वारले. नव्या लोकांनी चित्र पुन्हा तपासलं आणि शेजारी पाटी लावली: पाय चित्रकाराने स्वतःच उचलला. चित्र पुन्हा टांगलं त्या दिवशी मी गेलो. लिंडनरबाई येतील असं वाटलं होतं. माफीचं जर्मन वाक्य महिनाभर घोकलं होतं.

त्या आल्या, काठी टेकत.

"हेर जोशी! बघा, कुत्रा अजून धावतोय." मग हळूच म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट ब्रांटनेच फिरवला असणार. तुमच्यासारखा माणूस असं लिहिणार नाही."

वाक्य जिभेवर होतं.

"जा, गेनाऊ," मी म्हणालो. हो, अगदी तसंच.