इद्वलने दिलेलं कातडं

माझा धाकटा भाऊ इद्वल वेल्सच्या या डोंगरावर चाळीस वर्षं मेंढ्या राखतोय. आम्ही दोघं बहीणभाऊ बिनलग्नाचे, राहतो एकत्र. तापट आहे, हट्टी आहे, प्रार्थनेत सगळ्यांच्या वर आवाज चढवून गातो. मेंढ्यांपुढे त्याला जग दिसत नाही. पानगळीच्या बाजारात त्याच्या कळपाला मान आहे, आणि तो मान त्याच्या डोक्यात गेलाय.

त्या मार्चमध्ये दोन मेंढ्या गाभडल्या. मग तिसरी पुरे दिवस भरून मेलेलं कोकरू व्याली.

"जनावरांच्या डॉक्टरला बोलाव," मी म्हटलं.

"बोलावतो आणि गावभर दवंडी पिटतो! कोण घेईल मग माझ्या मेंढ्या? गप बस."

मी गप बसले. एरवी मला गप बसवणं सोपं नाही.

त्याच दुपारी शेजारच्या बेतीचा फोन आला. तिची मेंढी व्यायल्यावर मेली होती आणि कोकरू पोरकं झालं होतं. आमचं एक कोकरू मेलेलं निघाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. अशा वेळी ज्याच्या मेंढीचं पिल्लू गेलंय त्याने ती मेंढी द्यायची, हा आमच्याकडचा शेजारधर्म. मेलेल्या पिल्लाचं कातडं पोरक्या कोकराला चढवतात. वासाला भुलून मेंढी त्याला पाजते. इद्वलने मेंढी दिली, कातडंही दिलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

बेतीची सून लोवरी सहा महिन्यांची गरोदर होती. पोटुशीने व्यायला आलेल्या मेंढ्यांजवळ जायचं नाही, त्यांना गाभडण्याचा रोग असला तर तो तिलाही बाधतो, हे इथे शेंबडं पोरही जाणतं, आणि ती गोठ्यात पाऊलही टाकत नव्हती. पण कोकरू गारठलं म्हणून बेतीने ते स्वयंपाकघरात आणलं. ओलं कातडं चढवताना लोवरीने त्याला मांडीवर धरलं.

पंधरवड्याने ती तापाने फणफणली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून बेतीचा फोन आला.

"इद्वल, डॉक्टर विचारताहेत, तुझ्या मेंढ्यांत काही रोग आहे का रे? पोरगी शुद्धीवर नाही."

"छे! ठणठणीत आहेत."

फोन ठेवून तो टेबलाशी बसून राहिला. मी भांडी घासत होते, घासलेलीच पुन्हा घासत होते. मला त्याची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त माझी. दुपारी तो उठला, इस्पितळात फोन लावला आणि तिन्ही मेंढ्यांचं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी औषध बदललं. लोवरी वाचली. मूल गेलं.

महिन्याभराने बेती आली. शिव्या देईल असं वाटलं होतं, तर ती इद्वलचा हात धरून म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून सून हाती लागली. त्या सकाळी नसेल आलं लक्षात. आपल्या वयात व्हायचंच असं."

सुटका आयतीच हातात आली होती. घे बाबा, असं मी मनात म्हटलं.

"लक्षात होतं, बेती," तो म्हणाला. "मेंढी दिली तेव्हाही होतं."

बेतीने हात सोडला. मग ती माझ्याकडे वळली.

"मेअर, तुला तर माहीत नव्हतं ना गं?"

इद्वलने मान वर केली नाही.

"नाही गं," मी म्हटलं.