आईचा उजवा अंगठा

आमच्या घरातली स्कूटर अण्णांची होती, आमची नव्हती. अण्णा म्हणजे माझे वडील. बारामतीजवळ जळोचीच्या घरापुढे लिंबाखाली ती उभी असायची आणि आंघोळीआधी अण्णा तिला पुसून घ्यायचे. दुसऱ्या कुणी हँडलला हात लावलेला त्यांना खपत नसे. आई लोणी भापकरच्या शाळेत शिक्षिका होती. अण्णा तिला रोज सकाळी एसटी स्टँडवर सोडायचे. ते आंघोळीला गेले की आई स्कूटरजवळ जायची आणि दोन्ही मुठी घट्ट धरून उभी राहायची. एकदा मी पाहिलं तर म्हणाली, "धूळ होती गं." नुकत्याच पुसलेल्या स्कूटरवर कसली धूळ!

तिनं एकदा विचारलंही होतं, "मला शिकवता का?"

"तुला? पदर अडकंल चाकात. आन् मी हाय की सोडायला."

अण्णा टपाल खात्यात असल्यामुळे त्यांना प्रवासाची सवलत मिळायची. मी सातवीत असताना तिच्या जोरावर आम्ही तिघं नाताळच्या सुट्टीत मनालीला गेलो. तोवर आमच्यासाठी बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याने भुशातून काढून धुतलेली लादी. इथे तो डोंगरभर नुसता पडून होता. भाड्याचे गमबूट, भाड्याचे केसाळ कोट, कोटाखालून डोकावणारी आईची साडी, अशा अवतारात आम्हाला ती बर्फावरची स्कूटर दिसली. चाकं नाहीत, पुढे दोन घसरपट्ट्या, खाली रुंद रबरी पट्टा. हँडल आणि सीट मात्र ओळखीचं.

गाडी मालकानं चालवायची आणि आपण मागं बसायचं, असा तिथला रिवाज होता. अण्णांना तो अपमानच वाटला. "हमकू आता हाय. बारा साल से चलाता हाय," असं म्हणत त्यांनी मालकालाच मागं बसवलं.

पुढचं आठवून मी अजूनही एकटीच हसते. अण्णांनी उजवी मूठ पिळली. काही नाही. मालकानं उजव्या अंगठ्याखालची कळ दाखवली. ती दाबल्यावर गाडी निघाली आणि जरा वेग येताच अण्णांनी सवयीनं गिअर बदलायला डावा क्लच ओढला. तो होता ब्रेक. गाडी जागीच थांबली, अण्णा हँडलवर आपटले आणि मालक अण्णांवर. पुन्हा निघाले, पुन्हा क्लच. चार वेळा. "साहब, इसमें क्लच नहीं है," सांगून सांगून मालक थकला. अण्णांना ते पटत होतं, पण त्यांचा डावा हात बारामतीतच राहिला होता. शेवटी उतरून म्हणाले, "गाडीतच फॉल्ट हाय."

"आता मी," आई म्हणाली.

"अगं, तुला कुठं..."

तोवर तिनं साडी गोळा करून कोटात खोचली होती आणि दोन्हीकडे पाय टाकून ती बसलीसुद्धा होती. आईला तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिला मोडायला एकही सवय नव्हती. मालकानं अंगठा दाबायला सांगितला, तिनं दाबला. पार समोरच्या देवदारांपर्यंत गेली, वळली आणि परत आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं की कशानं कोण जाणे.

"अजून एक चक्कर," ती म्हणाली.

"पुरं आता. गारठशील," अण्णा म्हणाले. ती उतरली.

घरी आल्यावर अण्णा महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होते, "आमी बर्फावर स्कूटर चालवली." त्या 'आमी'त आई कुठे होती, हे कुणी विचारलं नाही. क्लचचा तर विषयच निघाला नाही. एकदा जेवताना आई म्हणाली, "बर्फावर जमलं, मग हितं का न्हाय जमणार?"

"बघू की," अण्णा म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हटलं की संपलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही स्कूटरवरून इंदापूरला मावशीकडे निघालो. मी मधे चेंगरलेली, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली. तिचा उजवा हात माझ्यावरून अण्णांच्या खांद्यावर, अगदी माझ्या डोळ्यांपुढे. सरळ, मोकळा रस्ता लागला आणि तिचा अंगठा हळूच त्यांच्या खांद्यात रुतला.

"भ्याली काय गं?" अण्णांनी विचारलं आणि वेग कमी केला.

"न्हाय," आई म्हणाली. अंगठा सैल झाला.

मग मी दर वेळी बघायला लागले. मोकळा रस्ता आला की बर्फावरची कळ दाबावी तसा अंगठा दाबला जायचा आणि अण्णा काळजीनं गाडी हळू करायचे. मी सांगायला हवं होतं. पण आईचं गुपित फक्त मलाच कळलंय याची मला केवढी ऐट होती! त्या ऐटीचा मला आज राग येतो.

नोकरी लागल्यावर मी बिनगिअरची स्कूटर घेतली, ती आईला शिकवायची म्हणूनच. तोवर तिचे गुडघे गेले होते, हृदयाचं दुखणं निघालं होतं. "तूच चालव, मी मागं बसते," ती म्हणाली. मी तिला इंदापूरच्या रस्त्याला घेऊन गेले. मोकळा पट्टा आला आणि माझ्या खांद्यावर तो अंगठा दाबला गेला. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. मी वेग कमी केला.

आईनं अंगठा उचलला आणि हात नुसता ठेवून दिला.

आता ती नाही. फार आठवण येते तेव्हा मी त्याच रस्त्याला जाते आणि खांद्यावर दाब येण्याची वाट बघत मूठ पिळत राहते. अण्णांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.